उजव्या बाजूची नस

बाईंचा एक नियम होता. तो हॉस्पिटलात कुठे लिहिलेला नव्हता, पण लादी पुसणाऱ्या मावशींपासून भूल देणाऱ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होता. गळ्यातली थायरॉइडची गाठ काढायची तर आधी नस दाखवायची. नस दिसल्याशिवाय कात्री चालणार नाही, दोरा बांधला जाणार नाही, आणि कुणी 'बाई, उशीर होतोय' असं म्हणालं तर त्याची खैर नाही. तीस वर्षं त्यांनी हा नियम पाळला. एकदाच पाळता पाळता मोडला, आणि तोही कुणाच्या गळ्यावर, तर सख्ख्या बहिणीच्या.

आता ही नस म्हणजे मोठी विचित्र बया. पुस्तकात तिला लांबलचक नाव आहे, बाई नुसतं 'नस' म्हणायच्या. तिचं सगळं काम घशात. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्या बोलताना जवळ आणायच्या आणि श्वास घेताना लांब न्यायच्या, बस, एवढंच. पण ही सरळ घशात जाईल तर शपथ! डोक्यातून खाली येते, घसा शेजारी असताना तो ओलांडून पुढे जाते, छातीच्या तोंडाशी एका मोठ्या रक्तवाहिनीला खालून वळसा घालते, आणि मग पुन्हा वर चढून, थायरॉइडच्या पाठीमागून, घशात शिरते. शिकाऊ डॉक्टर हमखास विचारायचे, "बाई, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?"

"ते तिला विचारा," बाई म्हणायच्या. "आपलं काम तिला धक्का न लावण्याचं."

धक्का लागला तर काय होतं, हे त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या. त्या बाजूची पट्टी जागच्या जागी थांबते. दोन्ही पट्ट्या मिळत नाहीत, मधून हवा निसटते, आणि आवाजाऐवजी नुसता वारा बाहेर येतो. पाणी पिताना ठसका लागतो. माणूस मरत नाही. त्याच्या पोटात असलेलं पोटातच राहतं, एवढंच.

म्हणून तो नियम. ऑपरेशनच्या मधेच बाई हात थांबवायच्या आणि म्हणायच्या, "ही बघा." मग जो तो येऊन वाकून बघायचा. पांढरी, ओलसर, जाड दोऱ्याएवढी, थायरॉइडच्या मागे खालून वर जाणारी. भूल देणारे डॉक्टर थट्टेखोर होते, ते दर वेळी आपल्या खुर्चीतून उठून मान लांब करायचे आणि म्हणायचे, "झालं दर्शन. चला पुढे." हॉस्पिटलानं नस ओळखणारं एक मशीन घेतलं होतं, नसेला स्पर्श झाला की ते टुणटुण वाजायचं. बाईंनी ते कपाटात ठेवून दिलं. "माझे डोळे गेले की काढू," असं म्हणाल्या होत्या. अभिमान होताच. नसता तर तीस वर्षं कुणी उभं राहतं का?

ताई बाईंपेक्षा सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, तेव्हा या धाकटीला ताईनंच वाढवलं, दटावलं, अभ्यासाला बसवलं आणि डॉक्टर केलं. हॉस्पिटलात जिच्यासमोर कुणाची टाप नव्हती तिला ताई आजही 'बारके' म्हणायची. ताईचं लग्न झालं होतं. नवरा पाच वर्षांत गेला, मूलबाळ नाही. बाईंनी तर त्या वाटेला जायला सवडच काढली नाही. तेव्हा एकाच शहरात, अर्ध्या तासाच्या अंतरावर, दोन खोल्यांच्या दोन घरांत या दोघी राहायच्या, आणि दोघींना मिळून एकमेकींशिवाय कुणी म्हणून कुणी नव्हतं.

ताई पोहायला शिकवायची. पस्तीस वर्षं एकाच तलावावर, आणि तिथे येणाऱ्या सगळ्या बायका. पन्नाशीच्या, साठीच्या, पाणी बघून पाय मागे घेणाऱ्या. काठावर उभी राहून ताई असा आवाज लावायची की वरचे पत्रे हादरावेत. "पाय मार गं! पाणी काय तुला खाणार आहे? मान खाली! खाली म्हणजे खाली, तुझ्या सासूबाई नाही आल्यात बघायला!" गळ्यात शिट्टी होती, पण ती शोभेला. ताई सांगायची की शिट्टी वाजवली की तीस जणी मान वर करतात, आणि जी बुडतेय तिला काही पत्ताच नसतो. तिला नाव घेऊन हाक मारावी लागते.

रोज आठच्या ठोक्याला ताईचा फोन यायचा. "जेवलीस? काय जेवलीस? खोटं बोलू नकोस, मला भांड्यांचा आवाज नाही आला." मग तलावावरची एखादी गंमत, एखादं गाऱ्हाणं, आणि शेवटी "झोप आता, मेले" असं म्हणून ताई धाडकन फोन ठेवायची. बाई दिवसभर बोलायच्या ते हुकूम असायचे नाहीतर समजूत घालणं. माणसानं माणसाशी बोलावं असं बोलणं चोवीस तासांत तेवढंच, दहा मिनिटांचं.

ताईच्या गळ्यात उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा बाईंनी नकार द्यायला हवा होता. घरच्या माणसावर सुरी चालवू नये, हे काय त्यांना माहीत नव्हतं? त्यांनी स्वतः कितीजणांना त्यावरून सुनावलं होतं. पण ताई ऐकेल ती ताई कसली. "तुला डॉक्टर कशाला केलं मग? दुसऱ्या कुणी माझ्या मानेला हात लावायचा नाही," असं म्हणाली आणि विषय संपवला. आणि खरं सांगायचं तर बाईंनाही तेच हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा तरी कुठे भरवसा होता.

ऑपरेशनच्या दिवशी बाईंचे हात थरथरले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सुरी खाली ठेवली असती, दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं. हात अगदी शांत होते. घाई डोळ्यांना झाली होती. समोर निळ्या कापडाच्या चौकोनात उघडी मान होती आणि ती ताईची होती, हे विसरायला म्हणून बाईंना ती नस लवकर दिसायला हवी होती. ती दिसली की पुढचं सगळं नेहमीचंच होतं. थायरॉइडच्या मागे त्यांनी कापसानं आसपासचं हलकेच बाजूला केलं, आणि तिथे एक पांढरा धागा खालून वर जाताना दिसला.

"ही बघा," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी वाकून बघितलं. भूलवाले डॉक्टर उठले. "झालं दर्शन. चला पुढे."

जरा बारीक होता तो धागा. रोजच्यापेक्षा बारीक. पण बाई म्हणाल्या ती नस, म्हणजे ती नस. तीस वर्षांत त्या खोलीत कुणावर हे विचारायची वेळच आली नव्हती. मग बाई निर्धास्त झाल्या. पुढे एका छोट्या रक्तवाहिनीला बिलगून एक पांढुरकी दोरी बाजूनं आडवी येत होती. नस तर सापडलेली, मग ही दुसरी काय असणार? वाहिनीचाच भाग असणार. बाईंनी दोन्हींना मिळून चिमटा लावला, दोरा बांधला, कापलं. गाठ सुटून हातात आली. ऑपरेशनच्या कागदावर त्यांनी नेहमीची ओळ लिहिली, 'उजवी नस ओळखली, शेवटपर्यंत जपली,' आणि खाली सही केली.

ताई जागी होत होती तेव्हा बाई तिच्या तोंडाशी वाकल्या. "ताई, ई म्हण."

ताईनं तोंड उघडलं. नुसती हवा आली.

दुर्बिणीतून बघितलं तर उजवी पट्टी निपचित. बाईंनी स्वतःची समजूत घातली. नस मी डोळ्यांनी बघितलीय. ताणली गेली असेल, सूज असेल. ताणलेली नस परत येते, सहा महिने लागतात फार तर. रोज सकाळी 'ई' म्हणत जा असं बजावून त्यांनी ताईला तसंच सांगितलं, आणि तेव्हा ते खोटं नव्हतं. हे बाईंच्या बाजूनं सांगायलाच हवं.

आठव्या दिवशी काढलेली गाठ तपासणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांना सगळे काचवाले म्हणायचे, कारण ते दिवसभर काचपट्ट्यांवर डोळा लावून असायचे. मितभाषी माणूस. ते म्हणाले, "बाई, गाठ साधी आहे, काळजी नाही. पण कडेला जो दोरा बांधलाय त्यात रक्तवाहिनीबरोबर नसेचा तुकडा आहे. दीड सेंटीमीटर." मग म्हणाले, "रिपोर्टात लिहावं लागेल मला."

"लिहा," बाई म्हणाल्या. "लिहायलाच हवं."

त्या दिवशी बाईंनी ताईचा जुना स्कॅन काढला. दोन वर्षांपूर्वी तिला न्यूमोनिया झाला होता तेव्हाचा, छातीचा. उजेडापुढे धरून त्यांनी बघितला आणि खाली बसल्या. उजव्या हाताकडे जाणारी धमनी जिथून निघायला हवी तिथून निघालीच नव्हती. ती पार डावीकडून निघून अन्ननलिकेच्या मागून आली होती. हजारात चार-पाच जणांचं असं असतं. त्या माणसांत नसेला वळसा घालायला काही उरतच नाही, म्हणून ती छातीत उतरतच नाही. मानेतूनच आडवी निघते आणि सरळ घशात शिरते. बाईंनी हे वर्षानुवर्षं शिकवलं होतं. तोंडी परीक्षेत विचारलं होतं, आणि एकाला उत्तर आलं नाही म्हणून चांगलं फैलावर घेतलं होतं. त्यांनी ताईच्या गळ्यात बघून 'ही बघा' म्हटलं तो दुसराच कुठला तरी धागा होता. खरी नस त्यांनी आपल्या हातानं बांधली होती आणि कापली होती.

कापलेली नस परत येत नाही. सहा महिन्यांनी नाही, साठ महिन्यांनीही नाही.

त्याच संध्याकाळी त्या रिपोर्ट पर्समध्ये घालून ताईकडे गेल्या. सांगायचंच, असं ठरवून गेल्या. ताईनं दार उघडलं आणि गळ्यावरची पट्टी मिरवत हसली. बोलायला त्रास व्हायचा म्हणून तिनं एक वही केली होती, तीत लिहून दाखवलं, 'सहा महिने ना? त्यात काय! तेवढीच त्या बायकांच्या कानांना सुट्टी.' आणि ताट वाढलं. बाई जेवल्या. उद्या सांगू, म्हणाल्या मनात. पट्टी निघू दे, मग सांगू.

पट्टी निघाली. टाके निघाले. एक महिना गेला, मग दुसरा. रोज एक नवं निमित्त सापडायचं, आणि निमित्तांना काय तोटा आहे? ताईला सर्दी झालीय. ताई आज खुशीत आहे. ताई आज आधीच उदास आहे. रिपोर्ट पर्सच्या आतल्या कप्प्यात घडीवर घडी पडून मऊ झाला. आणि या सगळ्यात एक गोष्ट बाईंना कुठल्याही निमित्तानं झाकता येत नव्हती. आवाजाची पट्टी जागची हलत नसेल तर घशाचे डॉक्टर तिला मधे ढकलून बसवू शकतात, मग दुसरी पट्टी तिला येऊन मिळते. अगदी पहिला आवाज नाही, पण चारचौघांत ऐकू जाईल एवढा. फक्त नस परत येईल अशी आशा असेपर्यंत कुणी ते कायमचं काम करत नाही, वाट बघतात. म्हणजे ताई ज्याची वाट बघत होती ते येणार नव्हतं, आणि जे येऊ शकत होतं ते त्या वाट बघण्यापायी अडलं होतं.

आठचा फोन पहिले काही दिवस चालला. ताई हवेतूनच बोलायची, चार शब्दांनी दम संपायचा. पलीकडून आधी फुसफुस, मग खोकला. बाई "हो, हो" म्हणायच्या आणि त्यांना निम्मंही कळायचं नाही. मग ताईनं फोन करणं सोडलं. आठ वाजता नुसता मेसेज यायला लागला. 'जेवले.' कधी 'जेवले, झोपते.' बाई फोन हातात धरून जेवणाच्या टेबलाशी बसायच्या, उत्तर लिहायच्या, 'मीही.' बहुतेक दिवशी ते खरं नसायचं. भांड्यांचा आवाज नाही आला म्हणून ओरडणारं कुणी उरलं नव्हतं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायचा तो तेवढा बोलायचा. एकदा त्यांनी दुकानात पाव घेतला आणि 'किती झाले' विचारताना स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्या, कारण तो सुट्टीचा दिवस होता आणि सकाळपासून त्यांनी तोंडच उघडलं नव्हतं.

तलावावरच्या व्यवस्थापकानं ताईला तात्पुरतं किल्ल्यांच्या खिडकीत बसवलं होतं. कपाटाची किल्ली द्यायची, परत घ्यायची. ताई, जिच्या हाकेनं बायका बुडता बुडता पोहायला लागायच्या, ती काचेमागे बसून नंबर लावलेल्या किल्ल्या सरकवायची. शिकवायला एक नवी मुलगी आली होती, ती फक्त शिट्टी वाजवायची.

चार महिने झाले आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी ताईनं बाईंना बोलावून घेतलं.

बाई पोचल्या तेव्हा ताईनं टेबल आवरून ठेवलं होतं. त्यावर एक कागद आणि ती वही. ताईनं आधी वही पुढे केली. पानभर आकडे होते. बाईंना आधी कळेना. ताई खुर्चीत पुढे सरकली आणि हवेतूनच बोलली.

"रोज सकाळी… ई म्हणते. घड्याळ लावून." दम घेतला. "तू सांगितलंस ना… तसं."

आकडे सेकंदांचे होते. चार. चार. साडेतीन. चार. चार. रोजचे, एकही दिवस गाळलेला नाही. शेवटच्या ओळीत पाच, आणि त्या पाचाभोवती ताईनं लाल गोल केला होता.

"काल पाच झाले," ताई म्हणाली. तिचे डोळे असे चमकत होते की बाईंना तिथून पळून जावंसं वाटलं. हवा आपल्याच कर्मानं निसटतेय, आणि ही खुळी तिचे सेकंद मोजून त्यांना लाल गोल करून ठेवतेय.

मग तिनं दुसरा कागद पुढे सरकवला. तलावाच्या व्यवस्थापकाचं पत्र. उन्हाळ्याचे वर्ग सुरू व्हायचे होते, ताईची जागा त्यांनी अडवून धरली होती, पण महिनाअखेर ठरवायला हवं होतं. आवाज दोन महिन्यांत पूर्ववत होईल असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर जागा तिची. नाहीतर तिला निवृत्त करून त्या नव्या मुलीला कायम करायचं.

"लिही," ताई म्हणाली. "तुझ्या कागदावर… शिक्का मारून. म्हणजे त्यांचं… तोंड बंद." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. हसण्यालाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

बाईंच्या पर्समध्ये त्यांच्या नावाचे कागद असायचेच. त्यांनी एक काढला. पेन उघडलं. तारीख टाकली. ताईचं नाव लिहिलं, वय लिहिलं. 'उजव्या बाजूच्या थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर' इथपर्यंत पेन आपोआप चाललं. ताई शेजारी उभी राहून वाचत होती, तिचा हात बाईंच्या खांद्यावर होता. आता फक्त एक ओळ. आजपर्यंत त्या गप्प राहिल्या होत्या, ते एक झालं. ही ओळ लिहिली की काठावर एक मुकी बाई उभी राहणार होती आणि पाण्यात तीस जणी. आणि दोन महिन्यांनी वहीत पुन्हा चारच्या पुढे काही नसणार, तेव्हा ताई पुन्हा त्यांच्याकडेच बघणार होती.

पेन थांबलं ते थांबलंच.

"काय गं?" ताईनं विचारलं.

"ताई, बस."

"बसते की. काय झालं?"

बाईंनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून तो मऊ झालेला रिपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. बोट ठेवून ती ओळ दाखवली. ताईला त्यातलं काय कळणार होतं! मग बाईंनी सांगितलं. रुग्णांना सांगताना त्यांच्याकडे मोजकी, घासून गुळगुळीत केलेली वाक्यं होती, त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. "तुझी नस ताणली नव्हती गेली. मी कापली. मला ती दुसरीकडेच आहे असं वाटलं. तुझी आडवी होती, सगळ्यांसारखी नव्हती, पण मला ते कळायला हवं होतं. तुझा जुना स्कॅन होता, मी बघितला नाही आधी. तो आवाज परत येणार नाही, ताई."

ताई ऐकत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग तिनं रिपोर्ट उचलला, लांब धरला, चष्मा नव्हता म्हणून डोळे बारीक केले आणि वरची तारीख वाचली. बराच वेळ तारखेकडेच बघत राहिली.

"हे… कधीचं?"

"आठव्या दिवशी कळलं मला."

ताईनं वहीकडे बघितलं. लाल गोलाकडे बघितलं. आणि तिचा चेहरा असा पेटला की बाईंना लहानपणीची ताई दिसली, चप्पल घेऊन मागे धावणारी. ती उभी राहिली. तिनं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि फस्सकन हवा निघून गेली. तिनं पुन्हा श्वास घेतला. पुन्हा तेच. तिला आरडाओरडा करायचा होता, घर डोक्यावर घ्यायचं होतं, आणि तिच्या तोंडून येत होतं ते बंद खिडकीपलीकडे कुणीतरी बोलतंय तसं. तिसऱ्या खेपेला तिला ठसका लागला आणि ती टेबल धरून खाली बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बाईंनी पाणी पुढे केलं. ताईनं पेला ढकलून दिला. मग बोटानं खुणावलं. इकडे ये.

बाईंनी खुर्ची सरकवली. ताईनं अजून खुणावलं. बाई वाकल्या, आणखी वाकल्या, शेवटी त्यांचा कान ताईच्या ओठांशी आला. आणि मग ताईनं त्यांना शिव्या दिल्या. चार शब्द, दम. चार शब्द, दम. मधे दम भरायला ती थांबायची तेव्हा बाईही तशाच वाकून थांबायच्या, पुढचं ऐकायला.

"हात चुकला… तो चुकला. माणसाचा… चुकतो. तलावावर… माझाही चुकलाय. एक बाई… जवळजवळ गेली होती. मी तिच्या घरी… त्याच दिवशी गेले. पाय धरले." दम. "तू माझ्या घरी… जेवलीस. भेटलीस की… विचारायचीस, ई करतेस ना. मी हो म्हणायचे. तू म्हणायचीस… छान. छान म्हणायचीस गं… मेले! मी आरशासमोर… वेड्यासारखी… ई, ई… करत राहिले. तुला माहीत होतं. रोज… माहीत होतं." दम. "दुसरा कुणी असता… तर मी त्याला… सोडला नसता. तुझ्याकडे आले होते… घरची, लपवणार नाही… म्हणून."

कानाला ताईच्या श्वासाची ऊब लागत होती. चार महिन्यांत ताई एवढं पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होती.

"इलाज आहे?" ताईनं शेवटी विचारलं.

"आहे. घशाचे एक डॉक्टर आहेत, पट्टी मधे बसवतात. पहिल्यासारखा नाही होणार, पण खोलीभर ऐकू जाईल. तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत नाही जाणार." मग तेही सांगून टाकलं. "चार महिन्यांपूर्वीच जाता आलं असतं."

ताईनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ती शांत झाली होती, आणि ते बाईंना त्या शिव्यांपेक्षा जड गेलं. तिनं अर्धवट लिहिलेला कागद बाईंपुढे सरकवला आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"तलाववाल्यांना लिही. काय झालं ते… सगळं. तारखेसकट. मी त्यांना… सांगू शकणार नाही. दम पुरत नाही."

बाईंनी लिहिलं. 'शस्त्रक्रियेनंतर' च्या पुढे लिहिलं की उजवी नस माझ्या हातून बांधली आणि कापली गेली. लिहिलं की ती मी चुकीची ओळखली. लिहिलं की आठव्या दिवशी मला हे समजलं आणि चार महिने मी रुग्णाला सांगितलं नाही. रुग्णाला, असं लिहिताना पेन अडखळलं, पण दुसरा शब्द त्या कागदावर बसत नव्हता. सही केली, शिक्का मारला.

"वाच," ताई म्हणाली. "चष्मा नाही."

चष्मा समोरच कपाटावर होता, दोघींनाही दिसत होता. बाई वाचायला लागल्या. पहिली दोन वाक्यं गेली, तिसऱ्याला आवाज खाली आला, पुटपुटल्यासारखा झाला. ताईनं टेबलावर थाप मारली.

"मोठ्यानं."

बाईंनी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. या वेळी खणखणीत वाचलं, शिकाऊ डॉक्टरांपुढे वाचायच्या तसं, एकही शब्द न गिळता, तारखेसकट, स्वतःच्या नावासकट. खालच्या रस्त्यावर कुणी उभं असतं तर त्यालाही ऐकू गेलं असतं.

ताईनं कागद त्यांच्या हातातून घेतला, घडी केली आणि वहीत ठेवला. मग ती बाईंकडे बघत राहिली, आणि बाईंना कान जवळ न्यावा लागला नाही, इतकं सगळं शांत होतं.

"चांगला आहे की… तुझा आवाज," ताई म्हणाली. दम घेतला. "चार महिने… कुठे होता?"

आणि तिनं उठून बाईंना जायला दार उघडून दिलं.